सेन्सरवरील करकपात : ती रुग्णाच्याच पदरात पडावी

चिकित्सेचे चार पाद सांगताना वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात रुग्णाच्या ठिकाणीही चार गुण अपेक्षिले आहेत. रुग्ण आढ्य असावा, वैद्याच्या आज्ञेत राहणारा असावा, आपली अवस्था नेमकी सांगू शकणारा म्हणजे ज्ञापक असावा आणि सत्त्ववान असावा. यांपैकी पहिल्या गुणाचा, म्हणजे उपचाराचा खर्च सोसण्याच्या सामर्थ्याचा, विचार आपल्या चर्चांमध्ये क्वचितच होतो. मधुमेहाच्या बाबतीत मात्र आज पहिला आणि तिसरा हे दोन गुण एकमेकांत गुंतले आहेत. दंडावर बसविलेला शर्करामापक सेन्सर साधारणतः १४ दिवस अहोरात्र नोंद ठेवतो आणि अबोल रुग्णालाही ज्ञापक करतो. परंतु तो विकत घेण्यासाठी रुग्ण आढ्य असावा लागतो. म्हणूनच या वस्तूवरील कर व तिची किंमत हा विषय केवळ हिशेबनीसाचा नसून वैद्यांचा व औषधी विक्रेत्यांचाही आहे, असे आम्हांस वाटते.

या उपकरणाशी आयुर्वेदाचा काय संबंध, असा प्रश्न काही वैद्यबंधू विचारतील. प्रमेहाची चिकित्सा आपण प्रामुख्याने आहार-विहारावर उभी करतो. भातामुळे काय झाले, जवाच्या भाकरीने काय साधले, दिवास्वाप सोडल्यावर व चंक्रमण सुरू केल्यावर काय फरक पडला, हे उपाशीपोटी व जेवणोत्तर अशा दोन तपासण्यांतून पुरते कळत नाही. शिवाय आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण आधीच इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असतात. पथ्य लागू पडले आणि पूर्वीची मात्रा मात्र तशीच राहिली, तर मध्यरात्री शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ही उतरण सेन्सर दाखवितो. तो रक्तातील नव्हे तर पेशींच्या भोवतालच्या द्रवातील शर्करा मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. लक्षणे व आकडा जुळत नसल्यास बोटातील रक्त तपासून खात्री करावी लागते. ही मर्यादा लक्षात घेऊनही त्याचे मोल कमी होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. एवढ्या मोठ्या समुदायाच्या दृष्टीने किमतीतील थोडाही फरक थोडा राहत नाही.

आता कराकडे वळू. वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजीच्या ५६ व्या बैठकीत औषधे व वैद्यकीय उपकरणांवरील दर कमी करण्यात आले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ते अमलात आले. ग्लुकोमीटर व त्याच्या पट्ट्यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; वैद्यकीय वापराची अन्य उपकरणेही ५ टक्क्यांच्या वर्गात आली. एक हिशेब उदाहरणादाखल मांडू. समजा, एका सेन्सरचे करविरहित मूल्य ४५०० रुपये आहे. १२ टक्के कराने तो ५०४० रुपयांस पडे. ५ टक्क्यांनी तो ४७२५ रुपयांस मिळावयास हवा. एका सेन्सरमागे ३१५ रुपये वाचले. वर्षभर अखंड वापरणाऱ्यास २६ सेन्सर लागतात, म्हणजे वर्षाकाठी ८१९० रुपये. निम्न मध्यमवर्गीय कुटुंबात एवढ्या रकमेत दुसऱ्या कोणाचे तरी औषधपाणी होते.

परंतु हे ३१५ रुपये आपोआप रुग्णाच्या हाती पडत नाहीत. तोच सेन्सर ५०४० रुपयांनाच विकला गेला, तर ५ टक्के कर वजा जाता त्याचे मूल्य ४८०० रुपये होते. म्हणजे शासनाने सोडलेल्या रकमेपैकी ३०० रुपये व्यापारसाखळीत कोठेतरी मुरले. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने सप्टेंबर २०२५ मध्ये कंपन्यांना सुधारित किंमतपत्रके काढावयास सांगितली. मात्र किरकोळ विक्रेत्यापर्यंत नवी किंमत पाळली जाईल याची कंपनीने खात्री दिल्यास, बाजारात आधीच गेलेल्या मालावर नवे लेबल लावण्याची सक्ती केली नाही. व्यवहाराच्या सोयीसाठी हे योग्यच होते. त्याचा अर्थ मात्र असा की, पाकिटावर जुनी छापील किंमत आणि हातात नवे किंमतपत्रक अशा स्थितीत अखेरचा निर्णय दुकानाच्या काउंटरवर सोपविला गेला.

येथेच खरी मेख आहे. करकपातीचा लाभ किमतीत तेवढीच घट करून ग्राहकास द्यावा, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७१ सांगते. त्यासाठी २०१७ साली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, डिसेंबर २०२२ मध्ये ते काम स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून या कलमाखाली नव्या तक्रारी स्वीकारणे बंद झाले. दर उतरले ते त्यानंतर. कर्तव्य कायद्यात नमूद आहे, परंतु त्यासाठी दाद मागण्याचे पूर्वीचे द्वार मिटले आहे. अशा वेळी व्यवसायाची नीती हीच एकमेव हमी उरते, आणि आमच्या मते ती सर्वांत आधी आपल्या दुकानांत दिसावयास हवी.

हा न्याय आपल्या स्वतःच्या कपाटालाही लागू आहे. ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या शास्त्रोक्त औषधांवर ५ टक्के आणि प्रोप्रायटरी औषधांवर १२ टक्के हा भेदही २२ सप्टेंबर २०२५ रोजी संपला. सेन्सर विकणाऱ्या कंपनीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या चूर्णांच्या व वटींच्या किमती उतरल्या की नाही, हे प्रत्येकाने पाहावे. कंपोझिशन योजनेतील लहान दुकानदार बिलात कर आकारत नाहीत. परंतु त्यांची खरेदी स्वस्त झाली आहे, तेव्हा विक्रीही स्वस्त व्हावी हे ओघानेच आले. केवळ आयुर्वेदीय औषधे विकणाऱ्या ज्या औषधालयांकडे ॲलोपॅथी औषधविक्रीचा परवाना नाही, त्यांनी सेन्सर ठेवण्यापूर्वी वैद्यकीय उपकरण नियमांनुसार फॉर्म एमडी-४२ मधील नोंदणी अवश्य करून घ्यावी. माल पाकिटावरील तापमानमर्यादेत ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात ही साधी गोष्ट नव्हे. स्वस्त मिळतो म्हणून बिलाविना घेतलेला सेन्सर रुग्णास देणे हे कोणत्याही सवलतीत बसत नाही.

पुढची मागणी काय असावी? ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर २० टक्के असला, तरी मधुमेही व्यक्ती आपल्या आजाराचे व स्वतःच्या वापराचे निवेदन सही करून देते आणि सेन्सर तिला करविरहित मिळतो. तेथे सेन्सर आला त्या सुरुवातीच्या वर्षांत ५७.९५ पौंडांचा सेन्सर अशा रुग्णास ४८.२९ पौंडांस मिळत असे. २०२२ पासून तर तेथील मार्गदर्शक तत्त्वांनुसार टाइप १ मधुमेहाच्या सर्व प्रौढ रुग्णांना सार्वजनिक आरोग्यसेवेतूनच तो देण्याची शिफारस आहे. आपल्याकडेही निदान इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलांसाठी वैद्यकीय चिठ्ठीवर शून्य कर असावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी करावी. परंतु ती विचारपूर्वक करावी. आपल्या कायद्यात वस्तू नुसती 'करमुक्त' ठरली की उत्पादकास कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो भार किमतीत शिरतो. २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. म्हणून शून्य दराबरोबर भरलेल्या कराचा परतावाही मागितला पाहिजे.

शासन काय करील ते करो, वैद्याच्या हातीही एक मोठी सवलत आहे. सर्वच रुग्णांना बारमाही सेन्सरची गरज नसते. चिकित्सेच्या आरंभी एक, पथ्यात किंवा मात्रेत मोठा बदल केल्यावर एक, आणि एरवी पट्ट्यांवर भागविणे पुष्कळांना पुरते. ज्यांची शर्करा वारंवार खाली उतरते त्यांना मात्र तो नियमित हवा. हा विवेक केल्यास करकपातीपेक्षा कितीतरी अधिक रक्कम वाचते. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णाचा स्वतंत्र विचार करून त्यास दीर्घ पदभ्रमण व विहीर खोदण्यासारखे श्रम सांगितले. रुग्णाच्या ऐपतीचा विचार हा आपल्या शास्त्राचाच भाग आहे.

आमची विनंती एवढीच. प्रत्येक औषधालयाने सेन्सर, ग्लुकोमीटर व पट्ट्यांच्या जुन्या आणि नव्या किमतींचा तक्ता दर्शनी भागी लावावा आणि प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे. वैद्यांनी रुग्णास ते बिल मागण्यास सांगावे. शासनाने जे सोडले ते रुग्णासाठी सोडले आहे. त्यातील एक रुपयाही वाटेत अडू नये.