‘टास्क नॉट फाउंड’ दिसलं? घाबरू नका, आधी पत्ता तपासा

चंदीगडमध्ये पीजीआय हॉस्पिटल सेक्टर १२ मध्ये आहे आणि पंजाब विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये. मग मधला १३ कुठे गेला? ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात तो नव्हताच. २०२० मध्ये मनीमाजरा भागाला सेक्टर १३ हे नाव मिळालं. त्याआधी कुणी रिक्षावाल्याला ‘सेक्टर १३ ला चला’ म्हटलं असतं, तर त्याने नकारार्थी मान हलवली असती. रिक्षा ठीक, रस्ता ठीक, फक्त त्या नावाचं ठिकाणच यादीत नाही.

कोडिंग शिकणाऱ्या मुलांना स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसणारा ‘टास्क नॉट फाउंड’ हा संदेश अगदी हेच सांगत असतो. पण रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा असतो आणि मुलं घाबरून सगळं अनइन्स्टॉल करायला लागतात. काहींना तर ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटू लागतं. म्हणून आज हा संदेश नीट समजून घेऊया.

बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे काय?

चकली करायची तर आधी भाजणी दळून आणायची, मग पीठ मळायचं, मग तळायचं. क्रम ठरलेला असतो. लिहिलेल्या कोडमधून चालणारं अॅप तयार करतानाही अशी कामं क्रमाने करावी लागतात. त्यांची यादी म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट आणि त्यातलं प्रत्येक काम म्हणजे टास्क.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी यासाठी ‘मेक’ हे साधन तयार केलं. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती! माणसाच्या लक्षात न राहणारं हे काम मग मेककडे सोपवलं गेलं. आज अँड्रॉइड अॅपसाठी ग्रॅडल आणि वेबसाइटसाठी एनपीएम हेच काम करतात.

तिघांची भाषा थोडी वेगळी आहे. मेक म्हणतं ‘नो रूल टू मेक टार्गेट’, ग्रॅडल म्हणतं ‘टास्क नॉट फाउंड’ आणि एनपीएम म्हणतं ‘मिसिंग स्क्रिप्ट’. अर्थ जवळपास एकच: तुम्ही सांगितलेलं नाव मला माझ्या यादीत दिसत नाही. तुमचा कोड वाईट आहे, असं यात कुठेही म्हटलेलं नाही.

या क्रमाने तपासा

१. संदेश शेवटपर्यंत वाचा. स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं बघा. ग्रॅडलला जवळचं नाव सापडलं, तर ते ‘सम कँडिडेट्स आर’ असं म्हणून पुढे सुचवतं. अनेकदा उत्तर तिथेच असतं, पण आपण पहिल्या लाल ओळीवरच थांबतो.

२. यादी मागवा. टर्मिनलमध्ये ‘एनपीएम रन’ एवढंच लिहून एंटर दाबा (टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं). त्या प्रोजेक्टमधल्या सगळ्या स्क्रिप्ट दिसतील. ग्रॅडलला ‘टास्क्स’ विचारा, पूर्ण यादी हवी असेल तर पुढे दोन डॅश देऊन ‘ऑल’ जोडा. मेकसाठी मेकफाइल उघडून नावं वाचा.

३. तुम्ही कुठे उभे आहात? चंदीगडमध्ये एकच घर नंबर अनेक सेक्टरमध्ये सापडतो. सेक्टर न सांगता पोहोचता येत नाही. फोल्डरचंही तसंच आहे. फ्लटर किंवा रिअॅक्ट नेटिव्हच्या प्रोजेक्टमध्ये ग्रॅडलच्या फाइल ‘अँड्रॉइड’ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये असतात. कमांड तिथे जाऊन द्या.

४. टास्क देणारं प्लगइन आहे का? ‘असेंबल-डिबग’सारखे टास्क ग्रॅडलचे स्वतःचे नसतात, अँड्रॉइडचं प्लगइन ते आणतं. प्लगइनची ओळ गेली की टास्कही गेला. अॅपचे ‘फ्री’ आणि ‘पेड’ असे दोन प्रकार केले, तर काही टास्कची नावंही बदलतात. ‘टेस्ट-डिबग-युनिट-टेस्ट’च्या जागी ‘टेस्ट-फ्री-डिबग-युनिट-टेस्ट’ येतं.

५. व्हिडिओ जुना तर नाही? हे कारण फार वेळा सापडतं. २०२१ मध्ये आलेल्या ग्रॅडल ७ मधून जुनं ‘मेव्हन’ प्लगइन काढून टाकलं आणि त्याचा ‘इन्स्टॉल’ टास्क गेला. आता ‘मेव्हन-पब्लिश’ प्लगइन लावून ‘पब्लिश-टू-मेव्हन-लोकल’ वापरतात. तसंच व्हिडिओत ‘एनपीएम स्टार्ट’ सांगितलेलं असतं, पण विटने बनवलेल्या नव्या प्रोजेक्टमध्ये त्या स्क्रिप्टचं नाव ‘डेव्ह’ असतं. तिथे ‘एनपीएम रन डेव्ह’ लिहावं लागतं.

हे मात्र टाळा

पहिल्या पाच मिनिटांत अँड्रॉइड स्टुडिओ काढून पुन्हा टाकू नका. कित्येक जीबी डाउनलोड होतील आणि चुकीचं नाव चुकीचंच राहील. फोल्डर डिलीट करण्याआधी तर दोनदा विचार करा, त्यात ग्रुपमधल्या इतरांचंही काम असतं. मदत मागताना मोबाइलने काढलेला अंधुक फोटो पाठवू नका. पूर्ण संदेश कॉपी करून पाठवा. सोबत कोणती कमांड दिली आणि कोणत्या फोल्डरमधून दिली, तेही लिहा.

आई-बाबांना, आजी-आजोबांना कोडिंग येत नसेल, तरी मदत करता येते. लेकरू लॅपटॉपसमोर रडकुंडीला आलेलं दिसलं, तर फक्त एवढं विचारा, ‘तो संदेश मला मोठ्याने वाचून दाखव बरं. कोणतं नाव सापडत नाही म्हणतोय?’ मोठ्याने वाचताना घाई थांबते आणि चुकलेलं अक्षर बरेचदा तिथेच दिसतं.