रोगी ‘आढ्य’ कोणी करावा? – अमेरिकेतील आरोग्यसुधारणेचा लढा आणि वैद्यसंघटनांचे कर्तव्य

चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी ‘रोगी’ या पादाचे गुण सांगताना वाग्भटाचार्यांनी ‘आढ्य’, म्हणजे धनसंपन्न, हा गुण सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनीही रोगी ‘द्रव्यवान्’ असावा असे म्हटले आहे. चरकाचार्यांच्या गणनेत मात्र स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चारच गुण येतात. तेथे धनाचा उल्लेख नाही. हा भेद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केला आणि उत्तरपत्रिकेत लिहिला. व्यवसायात पडल्यावर तो रोज समोर उभा राहतो. पंचकर्माचा संपूर्ण क्रम ठरवावा आणि रुग्णाने तिसऱ्याच दिवशी ‘पुढच्या महिन्यात पाहू, वैद्यराज’ असे म्हणून निरोप घ्यावा, हा अनुभव कोणत्या वैद्याला नाही? व्याधी साध्य असतो, द्रव्य उपलब्ध असते, परिचारक दक्ष असतो. तरी चिकित्सा अपुरी राहते, कारण रोगी आढ्य नसतो.

मग प्रश्न असा की, जो रोगी आढ्य नाही त्याला आढ्य करण्याची जबाबदारी कोणाची? वैद्याच्या दानबुद्धीची, नातेवाइकांची, की समाजाची? हा प्रश्न राजकारणाच्या आखाड्यात अत्यंत प्रदीर्घ काळ लढला गेला तो अमेरिकेत. त्या लढ्यात वैद्यकव्यवसायाच्या संघटनेने घेतलेल्या भूमिका आपल्यासारख्या संघटनेने अभ्यासाव्यात अशा आहेत. ‘अमेरिकेच्या कायद्याशी आम्हांला काय कर्तव्य?’ अशी शंका काही वैद्यबंधू घेतील. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

प्रथम निदान पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. वेतन वाढवता येईना, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कारखानदारांनी आरोग्यविमा देण्यास सुरुवात केली. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्यावरील करसवलत पक्की केली. त्यामुळे तेथील आरोग्यविमा नोकरीला जोडला गेला. नोकरी असेल तर विमा. नोकरी गेली, वार्धक्य आले किंवा जुनाट व्याधी जडला की विमाही दुर्मीळ. ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ते सर्वांत कमी, अशी ही विपरीत संप्राप्ती होती.

अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे मांडला. त्याला सर्वांत प्रखर विरोध केला तो अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने. १९४८ च्या अखेरीस संघटनेने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलरची वर्गणी मागितली आणि एका व्यावसायिक प्रचारसंस्थेच्या साहाय्याने ‘सरकारी वैद्यक म्हणजे समाजवाद’ असा प्रचार देशभर केला. प्रस्ताव बारगळला. १९६१ मध्ये वृद्धांपुरत्या विम्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा याच संघटनेने रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका काढली. डॉक्टरपत्नींच्या मंडळांनी घरोघरी कॉफीपानाचे कार्यक्रम योजून ती ऐकवली आणि लोकप्रतिनिधींना विरोधाची पत्रे लिहवून घेतली.

तरीही ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तीही ट्रूमन यांच्या गावी जाऊन, वृद्ध ट्रूमन यांना शेजारी बसवून. त्यानंतर काय झाले? डॉक्टरांचा व्यवसाय बुडाला नाही. ज्या वृद्धांकडून पूर्वी शुल्क घेताना संकोच वाटे, त्यांचे शुल्क आता नियमित मिळू लागले. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर वर्णभेद करता येणार नाही, या अटीमुळे दक्षिणेकडील असंख्य रुग्णालयांना कृष्णवर्णीय रुग्णांसाठी दारे उघडावी लागली. ज्या योजनेची भीती घातली गेली, तिनेच रोगी या पादाला बळ दिले.

आता या विरोधाचे फलित पाहा. सरकार रुग्ण आणि डॉक्टर यांच्या मध्ये येईल, ही संघटनेची मुख्य भीती होती. सरकारला बाहेर ठेवण्यात ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली. परंतु मधली जागा रिकामी राहिली नाही. १९८० व १९९० च्या दशकांत तेथे विमा कंपनी येऊन बसली. कोणती तपासणी करावी, किती दिवस रुग्णालयात ठेवावे, कोणते औषध द्यावे, या प्रत्येक गोष्टीला कंपनीची पूर्वमंजुरी लागू लागली. आज त्याच पूर्वमंजुरीविरुद्ध तीच संघटना मोहीम चालवीत आहे. चतुष्पादांत शिरलेला हा पाचवा पाद निवडून आलेला नाही आणि मतदाराला उत्तर देण्यासही बांधलेला नाही. आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

१९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी पुन्हा प्रयत्न केला. हिलरी क्लिंटन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले विधेयक हजाराहून अधिक पृष्ठांचे होते. विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर ‘हॅरी आणि लुईस’ या काल्पनिक जोडप्याच्या जाहिराती दाखवून मध्यमवर्गाच्या मनात शंका पेरल्या. सप्टेंबर १९९४ मध्ये तो प्रयत्नही सोडून देण्यात आला. उत्तम औषधसुद्धा अनुपानाशिवाय आणि रुग्णाच्या विश्वासाशिवाय पचत नाही, हे राजकारणालाही लागू पडते.

अध्यक्ष बराक ओबामा यांनी २००९ मध्ये वेगळा मार्ग धरला. ज्यांनी पूर्वी विरोध केला, त्यांनाच त्यांनी आधी चर्चेला बोलावले. १५ जून २००९ रोजी ते स्वतः शिकागो येथे अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे बोलले. संघटनेने सरकारी विमा कंपनीच्या कल्पनेला विरोध कायम ठेवला, परंतु एकूण सुधारणेला पाठिंबा दिला. हा पाठिंबा निखळ परोपकारातून आला असे मानण्याचे कारण नाही. मेडिकेअरमधील डॉक्टरांच्या शुल्काचे जाचक सूत्र रद्द व्हावे, अशी तिची अपेक्षा होती. ती या कायद्याने पूर्ण झाली नाही. त्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. तरीही पाठिंबा कायम राहिला, हे नोंदवण्याजोगे आहे.

त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या जनसभांत गोंधळ झाला. मरणासन्न रुग्णाशी पुढील उपचारांविषयी चर्चा करणाऱ्या डॉक्टरला त्या वेळेचे शुल्क मिळावे, अशी एक साधी तरतूद विधेयकात होती. तिचा विपर्यास करून ‘म्हाताऱ्यांनी जगावे की मरावे हे ठरवणारी सरकारी मंडळे’ येणार, असा प्रचार झाला. त्यात तिळमात्र तथ्य नव्हते. परंतु तरतूद मागे घ्यावी लागली. असाध्य व्याधीत आप्तांशी स्पष्ट बोलणे हे वैद्याचे कर्तव्य आपल्या संहिता शिकवतात. त्या कर्तव्यासाठीचे शुल्क मेडिकेअरमध्ये मिळू लागले ते १ जानेवारी २०१६ पासून. एका असत्य शब्दप्रयोगाने सहा वर्षे खाल्ली.

पुढील घटनाक्रम रोमांचक आहे. आयुष्यभर या सुधारणेसाठी झटलेले सिनेटर एडवर्ड केनेडी २५ ऑगस्ट २००९ रोजी निवर्तले. प्रतिनिधिगृहाने ७ नोव्हेंबर रोजी २२० विरुद्ध २१५ मतांनी आपले विधेयक संमत केले. सिनेटने आपले विधेयक २४ डिसेंबरच्या सकाळी ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत केले. नंतर १९ जानेवारी २०१० रोजी केनेडी यांच्याच जागेवर विरोधी पक्षाचे स्कॉट ब्राऊन निवडून आले आणि साठ मतांचे बळ संपले. अखेर प्रतिनिधिगृहाने सिनेटचेच विधेयक २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी स्वीकारले. २३ मार्च रोजी त्याचा कायदा झाला.

हा कायदा तीन दंडांवर उभा होता. पूर्वव्याधी असला तरी विमा नाकारता येणार नाही, हा पहिला दंड. प्रत्येकाने विमा घ्यावा, न घेतल्यास आर्थिक भुर्दंड सोसावा, हा दुसरा. आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकारी साहाय्य, हा तिसरा. आपल्याकडे सत्त्व, आत्मा आणि शरीर यांना त्रिदंडाची उपमा दिली जाते. एक काढला की बाकीचे दोन डळमळतात. विरोधकांनी नेमके हेच हेरले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०१२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी कायदा वैध ठरवला, परंतु मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोडला. २०२४ अखेरपर्यंत दहा राज्यांनी तो स्वीकारला नव्हता. २०१७ च्या करकायद्याने विमा न घेण्याबद्दलचा भुर्दंड २०१९ पासून शून्यावर आणला. त्याआधी २८ जुलै २०१७ च्या उत्तररात्री कायदा खिळखिळा करणारे विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. विरोधात मत देणाऱ्या स्वपक्षीय तिघांत मेंदूच्या कर्करोगाने ग्रासलेले जॉन मॅक्केन होते. आणि त्या वर्षी हा कायदा मोडू नये म्हणून जाहीरपणे उभी राहिलेली एक संस्था होती अमेरिकन मेडिकल असोसिएशन. ट्रूमन यांच्या प्रस्तावाविरुद्ध वर्गणी गोळा करणारी हीच ती संघटना.

या कायद्याने सर्व काही साधले असे आम्ही म्हणणार नाही. ‘आहे तो विमा आवडत असेल तर तो ठेवता येईल’ हे आश्वासन पाळले गेले नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेले सरकारी संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. अनेकांचे हप्ते वाढले आणि खर्चाचा मूळ व्याधी तसाच राहिला. परंतु विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० मध्ये सुमारे १६ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे ८ टक्क्यांवर आले, हेही खरे आहे. लढा संपलेला नाही. वाढीव साहाय्याची मुदत २०२५ अखेर संपत होती. ती वाढवावी की नाही, या वादात १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस अमेरिकन सरकारचे कामकाज ठप्प झाले.

या कायद्यात आपल्या शास्त्राशी संबंधित असा एक धागा आहे. सिनेटर टॉम हार्किन यांच्या पुढाकाराने त्यात कलम २७०६ आले. राज्याचा परवाना असलेल्या आणि त्या परवान्याच्या मर्यादेत काम करणाऱ्या चिकित्सकाला विमा कंपनीने केवळ त्याच्या पद्धतीमुळे वगळू नये, असा त्याचा आशय. कायरोप्रॅक्टर आणि अ‍ॅक्युपंक्चर-चिकित्सक यांना याचा आधार मिळाला, जरी अंमलबजावणी जोमदार झाली नाही. आयुर्वेदाला मात्र तो मिळू शकला नाही, कारण अमेरिकेतील एकही राज्य आयुर्वेद-चिकित्सकाला परवाना देत नाही. दार उघडले, पण आत जाण्यासाठी लागणारे पत्रच हाती नव्हते. हे पत्र कायदा झाल्यावर मागून मिळत नाही. आधी अनेक वर्षे अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी आणि अभिलेख यांचे नीरस काम करावे लागते.

आता आपल्याकडे वळू. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्क विधेयक संमत केले, तेव्हा खाजगी डॉक्टरांनी तीव्र आंदोलन केले. आत्ययिक चिकित्सेचा खर्च कोण भरणार, ही त्यांची शंका निराधार नव्हती. परंतु खर्चाच्या भरपाईची मागणी करणे वेगळे आणि हक्कालाच विरोध करणे वेगळे. असे कायदे महाराष्ट्रातही आज ना उद्या चर्चेला येतील. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष चिकित्सेला इतर चिकित्सांच्या बरोबरीने विमासंरक्षण देण्यास कंपन्यांना सांगितले आहे. म्हणजे तो पाचवा पाद आपल्याही दवाखान्याच्या उंबरठ्यावर आला आहे.

अशा वेळी संघटनेने काय करावे? आमच्या अल्पमतीनुसार तीन गोष्टी कराव्यात. कोणत्याही शासकीय मसुद्यावर अभिप्राय देताना पहिला परिच्छेद रुग्णाविषयी असावा आणि आपल्या शुल्काविषयीचा त्यानंतर यावा. वमन, विरेचन, बस्ती आदी कर्मांचे कालावधी, निकष आणि वाजवी दर संघटनेनेच ठरवून प्रसिद्ध करावेत. आपण ठरवले नाहीत तर विमा कंपनीतील एखादा लेखापाल ते ठरवील आणि त्याला सम्यक् लक्षणे ठाऊक नसतील. आणि प्रत्येक सभासदाने रुग्णपत्रक नीट भरावे. हा तिसरा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण कलम २७०६ ची कथा पुन्हा वाचावी.

राजकारण हा वैद्याचा विषय नव्हे, असे आपण अनेकदा ऐकतो. निवडणुकीच्या राजकारणापुरते ते मान्य करता येईल. परंतु रोगी आढ्य करण्याचे काम एकट्या वैद्याच्या सवलतीने होत नाही. ते कायद्याने होते आणि कायदा मतमोजणीने होतो. सात मतांच्या फरकाने कोट्यवधी लोकांच्या चिकित्सेची सोय होऊ शकते, हे अमेरिकेने दाखवले. त्या मोजणीच्या वेळी वैद्यांची संघटना कोणत्या बाजूला उभी होती, हे रुग्ण लक्षात ठेवतात.