प्रयोगशाळा जनतेच्या, हिशेब नफ्याचा

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा देश प्रजासत्ताक होण्यास तेवीस दिवस अवकाश होता. गरीब राष्ट्राने विज्ञानावर खर्च करावा आणि त्याचे फळ जनतेच्या मालकीचे असावे, ही त्यामागील धारणा होती. २०१५ साली डेहराडून येथे सीएसआयआरच्या संचालकांची बैठक भरली आणि प्रयोगशाळांनी स्वतःच्या खर्चाची तजवीज स्वतः करण्याकडे वळावे, असा जाहीरनामा तेथून निघाला.

खाजगीकरण म्हणजे फाटकावरील पाटी बदलणे, एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांना यात काही वावगे दिसले नाही. पाटी तीच राहते. आत कोणत्या प्रश्नावर काम करायचे हे ठरवणारा मात्र बदलतो. ज्या प्रश्नाला गिऱ्हाईक आहे तोच प्रश्न शास्त्रीय ठरू लागतो. क्षयरोग्याला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला संशोधन विकत घेता येत नाही.

पिंपरीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन तर बनवलेच, परंतु डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. पिकांवरील बुरशीसाठीचे ऑरिओफंजिनही तेथलेच. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवावीत व पुढे कंपनीही विकावी, असा निर्णय घेतला. संशोधनाचा वारसा कोणत्या भावाने विकायचा, याचा उल्लेख अर्थातच कोठे नव्हता!

महामारीत तर हा व्यवहार उघडाच पडला. करोनाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अलग केला आणि मे २०२० मध्ये तो हैदराबादच्या भारत बायोटेककडे लसीसाठी सोपवला गेला. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वाट्याला विक्रीवरील पाच टक्के स्वामित्वधन आले. एप्रिल २०२१ मध्ये, स्मशानांत जागा पुरत नसताना, कंपनीने राज्यांसाठी ६०० व खाजगी रुग्णालयांसाठी १२०० रुपये भाव जाहीर केला. ओरड झाल्यावर राज्यांचा भाव ४०० वर आला. जनतेच्या पैशातून निघालेल्या विषाणूच्या लसीसाठी जनतेच्याच सरकारांना घासाघीस करावी लागली.

सरकारी प्रयोगशाळांत आळस आहे, लालफीत आहे, वशिलाही आहे. ते झाकण्याचे कारण नाही. पण बाजार हा त्यावरील उतारा नव्हे. ब्रिटनने आपल्या न्यायवैद्यक सेवेला २००५ साली कंपनीचे रूप दिले, २०१२ साली ती तोट्यात म्हणून बंद केली आणि काम खाजगी प्रयोगशाळांकडे व पोलिसांकडे गेले. २०१९ साली तेथील उमरावांच्या सभागृहाच्या समितीलाच या क्षेत्राच्या दुरवस्थेविषयी धोक्याचा इशारा द्यावा लागला.

पुण्यातील कामगार संघटना, संशोधक आणि पक्षाच्या शाखा यांनी आता दोन मागण्या रेटल्या पाहिजेत. सरकारी प्रयोगशाळेतील तंत्र खाजगी उद्योगाला देणारा प्रत्येक करार लोकांसमोर यावा आणि त्यातून बनणाऱ्या औषधाची कमाल किंमत ठरवण्याचा अधिकार करारातच सरकारकडे राखून ठेवावा. पिंपरीच्या कामगारांनी हा लढा एकट्याने लढावा, अशी अपेक्षा शहरातील कार्यकर्त्यांनी करू नये.