कपाटांतला यंत्रमानव

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका खेळण्यावरून दोन भावांत दोन दिवस अबोला झाला, आणि निवाडा करण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आलें. आमच्या थोरल्या नातवानें आपल्या पहिल्या पगारांतून एक जपानी बनावटीचा यंत्रमानव विकत आणला. मालमोटारीचा माणूस होतो व माणसाची पुन्हां मालमोटार होते, असें तें खेळणें. तें त्यानें कांचेच्या कपाटांत ठेविलें व कोणीं हात लावूं नये अशी सर्वांस ताकीद दिली. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू नऊ वर्षांचा. त्यानें एका दुपारीं कपाट उघडलें. रूपांतर मध्येंच अडकलें. आणि थोरला घरीं आला तेव्हां धड माणूस नाहीं व धड मोटारहि नाहीं अशी ती वस्तु मेजावर पडलेली. थोरला संतापला, धाकटा रडला, आणि घरांतील वडील मंडळींनीं "खेळण्यांत एवढे पैसे घालावेच कशाला?" असा मूळ प्रश्न काढला.

वस्तु न पाहतां निकाल देणें आम्हांस पसंत नाहीं. म्हणून दोघां मुलांस समोर बसवून आम्हीं तिची रीतसर परीक्षाच घेतली.

प्रथम कुळ. टाकारा नांवाच्या जपानी कंपनीनें १९८० सालीं 'डायाक्लोन' नांवाची खेळण्यांची माला काढली. तींत पुढें मोटारींचे यंत्रमानव निघाले, व १९८३ सालीं मालमोटारीचा निघाला. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनें टाकाराशीं करार केला व १९८४ सालीं हींच खेळणीं 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें अमेरिकेंत विक्रीस आणलीं. जपानी मालेंत यंत्र चालविणारा चिमुकला चालक आंत बसे. अमेरिकेंत त्यास रजा देऊन यंत्रालाच मन व वाणी दिली. मालमोटारीचा यंत्रमानव हा सर्वांचा पुढारी ठरला, व त्याचें 'ऑप्टिमस प्राइम' हें नांव डेनी ओ'नील या लेखकानें ठेविलें. जपानांत मात्र तो 'कॉन्व्हॉय' या नांवानेंच राहिला. आमच्या नातवानें आणलेला नग 'मास्टरपीस' मालेंतील, २०११ सालीं प्रथम निघालेल्या दहाव्या अंकाचा आहे.

आतां गुणदोष. अशा वस्तूची पहिली कसोटी ही, कीं दोन्ही रूपें खरीं असलीं पाहिजेत. मोटार पाहतांना आंत माणूस दडला आहे असें वाटूं नये, व माणूस पाहतांना मोटार फोडून उभी केली आहे असें वाटूं नये. येथें मोटारीच्या पुढच्या खिडक्या त्याच माणसाची छाती होतात व पाठीमागचा भाग पाय होतो. मूळ कल्पनाच इतकी सरळ आहे कीं तिला आमचे पूर्ण गुण.

दुसरी कसोटी आमच्या संस्कृताच्या वर्गांतली. समासाचा विग्रह करावा तर एकहि पद बाहेर उरतां कामा नये, व पदरचें एकहि घालतां कामा नये. १९८४ सालच्या खेळण्यांत यंत्रमानवाच्या मुठी सुट्या असत. मोटार करतांना त्या काढून ठेवाव्या लागत व मुलांच्या हातून हरवत. या नव्या नगांत मुठी हाताच्या आंतच दुमडतात. हा सुधार मोठा आहे. परंतु मोटारीमागची मालाची गाडी माणसाच्या शरीरांत कोठेंच मिळत नाहीं. ती उघडून दुरुस्तीचें ठाणें होतें खरें; तथापि विग्रहांत एक पद उरलें तें उरलेंच. येथें आम्हीं गुण कापले.

तिसरी कसोटी सांध्यांची. बळ न लावतां रूप पालटलें पाहिजे. धाकट्यानें वस्तु मोडली, असा थोरल्याचा आरोप होता. चित्रांची पत्रिका पुढें ठेवून आम्हीं तपासलें, तों मोडलें कांहींच नव्हतें. आधीं करावयाची एक पायरी मागाहून केली होती, एवढेंच. त्या पोरानें पत्रिका न पाहतां बाकीच्या पायऱ्या बरोबर ओळखल्या होत्या! हें ऐकून थोरल्याचा चेहरा प्रथमच निवळला.

राहिला कपाटाचा प्रश्न. थोरल्याचें म्हणणें, न हाताळलेल्या वस्तूचें मोल टिकतें. बाजारापुरतें तें खरें. बंद पेटींतल्या जुन्या नगास अधिक दाम येतो. परंतु या वस्तूंचाच इतिहास पाहावा. १९८० नंतरच्या दशकांत सोनेरी कण मिसळलेल्या प्लॅस्टिकचीं कांहीं खेळणीं निघालीं. तीं पेटींत बंद असतांहि ठिसूळ होऊन भंगतात. उन्हांत ठेवलेलें पांढरें प्लॅस्टिक पिवळें पडतें. केवळ कुलुपानें वस्तु वांचते असें नाहीं. शिवाय १९८५ पासून नकली माल ओळखतां यावा म्हणून त्यांवर एक चिन्हपट्टी लावीत. बोटानें घांसून ऊब दिली म्हणजे तींत तो यंत्रमानव कोणत्या पक्षाचा तें चिन्ह उमटे. खरेपणाची ती साक्ष माणसाचा हात लागल्यावांचून मिळत नसे.

येथें आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों तेथें एक उत्तम पृथ्वीगोल होता. मुलें फोडतील या भीतीनें आम्हीं तो वर्षानुवर्षें कपाटांत कुलपांत ठेविला व भूगोल भिंतीवरच्या नकाशावर शिकविला. निवृत्तीच्या वेळीं सामान मोजून देतांना तो बाहेर काढला, तों कसरीनें त्याचा कागद खाल्लेला. अर्धें जग नाहींसें झालेलें. मुलांनीं तो फोडला असता तर निदान कोणी तरी तो फिरवून पाहिला, असें समाधान असतें. तेंहि आमच्या वांट्यास आलें नाहीं.

तेव्हां निकाल असा दिला. स्वकष्टाच्या पैशांतून, घरखर्चास हात न लावतां, थोरल्यानें हौस केली. तींत वडिलांनीं दोष काढूं नये. पुढें दाम वाढेल या आशेनें मात्र त्यानें दुसरा घेऊं नये. धाकट्यानें न विचारतां कपाट उघडलें, हा अपराध. त्यानें दादाची क्षमा मागावी. आणि रूप पालटणें हाच जिचा गुण, ती वस्तु एकाच रूपांत कोंडून ठेवणें हाहि अपराधच. म्हणून दर रविवारीं दादानें ती धाकट्याच्या हातीं द्यावी व शेजारीं बसावें.

निकाल दोघांनींहि मानला. गेल्या रविवारीं धाकट्यानें पत्रिकेवांचून मालमोटारीचा माणूस केला. आम्हांस मात्र डावा हात अजून साधत नाहीं. दादा म्हणतो, "आजोबा, जोर लावूं नका, आधींची पायरी पाहा." वर्गांत हेंच वाक्य आम्हीं कितीदां उच्चारलें असेल!