पांढऱ्या पिसातील पारा

जुन्या पेढ्यांमध्ये शंभर-शंभर वर्षांच्या खतावण्या लाल बासनात बांधून ठेवलेल्या असत. एखादे देणे नेमके केव्हा सुरू झाले आणि कसे वाढत गेले हे पाहायचे असेल, तर बासन सोडून मागची पाने चाळावी लागत. निसर्गाच्या व्यवहारात अशी सलग नोंद सहसा हाती लागत नाही. उत्तर ध्रुवाकडील एका पक्ष्याच्या बाबतीत मात्र ती लागली, आणि तीत निघालेली बाकी विचार करायला लावणारी आहे.

हा पक्षी म्हणजे आयव्हरी गल. आपल्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या कुरव पक्ष्यांचा हा दूरचा भाऊबंद. नखशिखान्त पांढरा, पाय काळे, आणि वर्षभर समुद्रातील बर्फाच्या आसपास वावरणारा. मासे, कोळंबीसारखे लहान जीव आणि ध्रुवीय अस्वलांनी मागे टाकलेली शिकार यांवर त्याची गुजराण चालते. एकोणिसाव्या शतकापासून संशोधकांनी आणि प्रवाशांनी जमवलेले त्याचे पेंढा भरलेले नमुने संग्रहालयांच्या कपाटांत जपून ठेवलेले आहेत. अलेक्झांडर बाँड, कीथ हॉब्सन आणि ब्रायन ब्रॅनफिरुन या तीन शास्त्रज्ञांनी १८७७ ते २००७ या काळातील अशा नमुन्यांची पिसे तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या एकशे तीस वर्षांत पिसातील मिथाइल-पारा, म्हणजे पाऱ्याचे अत्यंत घातक सेंद्रिय रूप, सुमारे ४५ पटींनी वाढला होता.

हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या मनात येथे दोन शंका येतील. पहिली अशी, की पूर्वी संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून नमुन्यांना पाऱ्याचे क्षार लावीत. मग पिसात सापडलेला पारा बाहेरून लागलेला नसेल कशावरून? शास्त्रज्ञांनी ही शंका आधीच ध्यानात घेतली होती. टिकवण्यासाठी लावलेला पारा असेंद्रिय असतो, तर अन्नातून आलेला बहुतांश मिथाइल रूपात असतो. म्हणून त्यांनी एकूण पारा न मोजता केवळ मिथाइल-पारा मोजला. दुसरी शंका आहाराची. पक्षी पूर्वीपेक्षा मोठे मासे खाऊ लागला असेल, तरी अंगातील पारा वाढेल. पिसातील कार्बन व नायट्रोजन यांच्या समस्थानिकांवरून पक्ष्याने काय खाल्ले याचा अंदाज येतो, आणि त्यात असा बदल आढळला नाही. ताट तेच राहिले होते, ताटातले विष वाढले होते.

या पक्ष्याच्या राज्यात ना गिरण्या आहेत, ना खाणींचे दाट जाळे. मग हा पारा आला कोठून? पाऱ्याचा गुणधर्म असा, की तो इतर धातूंप्रमाणे जागच्या जागी पडून राहत नाही. दगडी कोळशात तो अल्पांशाने असतोच. कोळसा जळला की वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडतो. ही वाफ महिनोन्महिने, कधी वर्षभरदेखील हवेत राहते आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीला वळसा घालते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली काढलेल्या आढाव्यानुसार २०१५ या एका वर्षात मानवी उद्योगांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत मिसळला. त्यातील जवळजवळ निम्मा आशिया खंडातून आला, आणि दक्षिण आशियाचा वाटा सुमारे एक दशांश होता. विदर्भातील औष्णिक केंद्रांत जळणारा कोळसा या बेरजेच्या बाहेर नाही.

ध्रुवाजवळ पोहोचल्यावर या वाफेचे काय होते, याचा एक धागा १९९५ साली कॅनडाच्या अगदी उत्तर टोकावरील अलर्ट या निरीक्षण केंद्रात हाती लागला. दीर्घ हिवाळी रात्र संपून सूर्य वर येऊ लागला, की तेथील हवेतील पारा काही तासांत, काही दिवसांत एकाएकी नाहीसा होतो, असे तेथे दिसून आले. समुद्रावरील खाऱ्या बर्फातून निघणारे ब्रोमीन आणि सूर्यप्रकाश यांच्या रासायनिक क्रियेने पाऱ्याची वाफ अशा रूपात बदलते, की ती बर्फावर उतरते. त्यातील काही पुन्हा हवेत जाते, तर काही वितळत्या पाण्याबरोबर समुद्रात शिरते. नद्या आणि सागरी प्रवाहही आपली भर घालतातच.

समुद्रात सूक्ष्म जीवाणू या पाऱ्याचे मिथाइल रूप करतात, आणि खरी चक्रवाढ तेथून सुरू होते. पाण्यातला कण शेवाळ घेते, शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे आणि त्यांना पक्षी. प्रत्येक पायरीवर खाल्लेले अन्न खर्ची पडते, पण मिथाइल-पारा शरीरात जमा राहतो. पाण्यात कशीबशी मोजता येईल अशी रक्कम साखळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत लक्षावधी पटींनी वाढलेली असते. सागरी पक्षी दीर्घायुषी असतात. फुलमारसारखा पक्षी चाळीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो, तेव्हा जमा होण्यास अवधीही पुरेसा मिळतो.

हे ओझे कमी करण्याचे दोन मार्ग पक्ष्याला निसर्गाने दिले आहेत. पीस वाढत असताना रक्तातील पारा पिसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतो. पिसाची वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा थांबतो आणि त्या वेळची नोंद तेथे कायम राहते. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे पीस आजही साक्ष देऊ शकते. दुसरा मार्ग केवळ मादीपुढे आहे, आणि तो म्हणजे अंडे. स्वतःच्या अंगातील विषाचा काही भाग ती नकळत पिल्लाच्या नावे लिहिते.

या अंड्यांचीही एक वेगळी खतावणी आहे. कॅनडाच्या नुनाव्हुत प्रांतात, लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीच्या काठी प्रिन्स लिओपोल्ड नावाचे निर्जन बेट आहे. समुद्रातून सरळ उभे राहिलेले सुमारे अडीचशे मीटर उंचीचे कडे, आणि त्यांच्या अरुंद कपारींवर उन्हाळ्यात दाटीवाटीने बसणारे हजारो पक्षी. त्यांपैकी मर हा काळा-पांढरा पक्षी घरटे बांधतच नाही. उघड्या खडकावर एकच निमुळते अंडे घालतो. १९७५ पासून ठरावीक काळाने येथील काही अंडी तपासणीसाठी नेली जातात आणि त्यांचे नमुने ओटावा येथे गोठवून ठेवले जातात. या दीर्घ कामात बिर्गिट ब्राउन या संशोधिकेचा मोठा वाटा आहे. त्यातून एक लक्षणीय विरोध पुढे आला. १९७५ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत या अंड्यांतील डीडीटी व पीसीबी यांसारखी रसायने घटत गेली, कारण अनेक देशांनी त्यांवर बंदी घातली होती. मर आणि फुलमार यांच्या अंड्यांतील पारा मात्र त्याच काळात वाढला. निर्बंध घातला तेथे उतार पडला, मोकळीक राहिली तेथे चढ राहिला, असे हे आकडे सांगतात.

विषाने पक्षी पटकन मरून पडतो असे नाही. हानी हळू आणि मुकाट्याने होते. नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड द्वीपसमूहात किटीवेक या लहान कुरवांचा अभ्यास झाला. ज्या पक्ष्यांनी त्या हंगामात अंडी घातलीच नाहीत, त्यांच्या रक्तात पारा अधिक आढळला. विणीला चालना देणाऱ्या संप्रेरकांच्या कामात पारा अडथळा आणतो, असे संशोधकांचे मत आहे. आयव्हरी गलची कॅनडातील संख्या १९८० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी घटली. याला पारा हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. त्याच काळात समुद्रावरील बर्फ ओसरत आहे, आणि या पक्ष्याचा सारा संसार त्या बर्फावर अवलंबून आहे. तथापि एकीकडे घर आक्रसत असताना दुसरीकडे अंगात विष साचत असेल, तर त्या जिवाला सावरणे कठीण जाते.

पक्ष्यांचे दुखणे माणसापासून फार दूर राहत नाही. जपानमधील मिनामाता गावी १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली, त्याआधी तेथील मांजरे पिसाटल्यासारखी नाचत मरू लागली होती आणि पक्षी आकाशातून खाली पडत होते. चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी उपसागरात जात होते. मुक्या जिवांची ही साक्ष वेळीच कोणी ऐकली असती, तर कित्येक कुटुंबे वाचली असती. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर धान्य जवळजवळ पिकत नाही. तेथील लोक पिढ्यानपिढ्या देवमासे, मासे आणि फुलमार यांवर जगत आले. तेथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार बालकांचा डॉ. फिलिप ग्राँजाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. मातेच्या आहारातील, मुख्यतः देवमाशाच्या मांसातील पारा ज्यांच्या वाट्याला गर्भावस्थेत अधिक आला होता, त्या मुलांच्या भाषा, स्मरण आणि एकाग्रता यांत सातव्या वर्षी उणीव दिसली. पक्षिणी अंड्याला जे देते, तेच माता बाळाला देत होती, आणि दोघींनाही त्याची कल्पना नव्हती.

या साऱ्यातून २०१३ साली मिनामाता करार झाला. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. तापमापक, रक्तदाबमापक, काही विजेरी व दिवे यांतून पारा टप्प्याटप्प्याने हद्दपार करणे, कोळशाच्या धुराड्यांवर नियंत्रण आणणे आणि नव्या पारा-खाणी न उघडणे ही त्याची मुख्य कलमे. उत्तर ध्रुवीय जीवसृष्टी आणि तेथील मूळ रहिवासी यांच्या विशेष असहायतेचा उल्लेख कराराच्या प्रास्ताविकातच केलेला आहे.

व्यापारी कुटुंबांनी यातील एक आकडा विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. हवेत जाणाऱ्या मानवनिर्मित पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत कोळसा नाही. कोळसा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या उद्योगांचा वाटा सुमारे २१ टक्के आहे. लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा मात्र ३८ टक्के. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, आफ्रिकेत, इंडोनेशियात लक्षावधी गरीब माणसे दगड कुटून त्यात पारा मिसळतात. पारा सोन्याचे कण ओढून घेतो. मग तो गोळा उघड्या आगीवर तापवला की पारा उडून जातो आणि सोने हाती राहते. जगात नव्याने निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे १५ ते २० टक्के सोने असे येते. गाळणीच्या मुशीत गेल्यावर कोणते सोने कोठले, हे सांगता येत नाही. भारत हा सोन्याचा जगातील अग्रगण्य ग्राहक आहे, आणि सराफीचा व्यवसाय या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरात पिढ्यानपिढ्यांचा आहे.

त्या गरीब खाणकामगाराला दोष देऊन भागणार नाही. त्याला दुसरी रीत परवडत नाही आणि पहिला धूर त्याच्याच छातीत जातो. पण मालाची शुद्धता पाहताना त्याचे मूळही विचारण्याची सवय पेढीवर लागू शकते. मोडीतले सोने वितळवून केलेल्या दागिन्यासाठी नवी खाण खणावी लागत नाही. आपल्या घरांतून जुने दागिने मोडून नवे घडवण्याची रीत आहेच, ती कमीपणाची मानण्याचे कारण नाही. गाळणी करणाऱ्याकडून मूळस्थानाचा दाखला मागणारे ग्राहक वाढले, तर दाखला देणारेही वाढतील. घरात फुटलेला जुना तापमापक किंवा बंद पडलेली ट्यूब कचऱ्यात न टाकता वेगळी जमा करणे हे तर कोणालाही शक्य आहे.

परिणाम लगेच दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. युरोप-अमेरिकेने धुराड्यांवर निर्बंध घातल्यानंतर उत्तर गोलार्धातील अनेक ठिकाणी हवेतील पारा १९९० नंतर कमी झाला आहे. समुद्रात आणि गोठलेल्या जमिनीत साठलेले मुद्दल मात्र अजून तेथेच आहे, आणि बर्फ वितळू लागल्याने त्यातील काही भाग पुन्हा फिरू लागला आहे. नवी उचल थांबली तरी जुने देणे फिटायला पिढ्या लागतील. तोवर प्रिन्स लिओपोल्डच्या कड्यावर मर पक्षी आपले एकुलते अंडे घालत राहतील, आणि त्यातील पाऱ्याचा आकडा चढतो की उतरतो हे तेथून हजारो कोसांवरील बाजारपेठांत ठरत राहील.