नांद्र्याचा संपादक

३० सप्टेंबर हा राजा ढाले यांचा जन्मदिन. सांगलीजवळच्या नांद्रे गावी १९४० साली जन्मलेले आणि लहानपणीच मुंबईला गेलेले ढाले महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते दलित पँथरचे नेते म्हणून. पण मोर्चे आणि सभा यांच्या आधीपासून ते लहान नियतकालिकांचे अंक काढत होते. 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती', 'जातक', 'विद्रोह', 'धम्मलिपी' अशा किती तरी अंकांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पँथरची भाषा घडली ती याच पानांवर, असे आमचे मत आहे.

साठच्या दशकात कविता 'सत्यकथा' मासिकाकडे पाठवायची, संपादकांच्या पत्राची वाट पाहायची आणि अंकात नाव आले की लेखक झालो असे मानायचे, अशी रीत होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या त्याच्या संपादकांनी लेखनावर घेतलेले कष्ट खरे होते. पण वरळीची चाळ, कामाठीपुरा, गावकुसाबाहेरची वस्ती यांचे बोलणे त्या अभिरुचीत मावत नव्हते. मग तरुणांनी स्वतःच अंक काढले. अशोक शहाणे यांचा 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', सतीश काळसेकर यांचा 'फक्त' ही त्यांतली काही नावे.

काही अंक उसनवारी करून छापले गेले, काही सायक्लोस्टाइलवर निघाले. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने एकेक अक्षर कोरायचे, ते रोळावर चढवायचे, शाई लावून हाताने दांडा फिरवायचा. स्टेन्सिल फाटले की सगळे पान पुन्हा कोरायला घ्यायचे. हे सारे लिहिणाऱ्यानेच करायचे असल्यामुळे कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि हेच मोलाचे होते. १९६९ साली या मंडळींनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. कोणताही अंक जाळणे आम्हाला पटत नाही. मात्र जाळणाऱ्यांनी स्वतःचे अंक काढून दाखवले होते, हेही सांगितले पाहिजे.

स्वतःचा अंक काढण्याची ही वाट जुनी आहे आणि ती साताऱ्यातून जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्याच विद्यार्थ्याने ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. आपले म्हणणे मांडायला आपलाच कागद हवा, हा धडा ढाल्यांच्या पिढीने तिथूनच घेतला.

ढाल्यांचा सर्वात गाजलेला लेख मात्र दुसऱ्याच्या अंकात आला. १५ ऑगस्ट १९७२च्या 'साधना' साप्ताहिकाच्या विशेषांकात 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये दंड आणि ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्यांना ५० रुपये, हा हिशेब त्यांनी संतापाने मांडला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही त्या लेखावर आक्षेप घेतला, गदारोळ उठला. त्या विशेषांकाचे काम अनिल अवचटांनी केले होते. भाषा मवाळ करून लेख सभ्य करून घेता आला असता. तसे झाले नाही, याचे श्रेय 'साधने'ला दिले पाहिजे.

१६ जुलै २०१९ रोजी ढाले गेले. पुढच्याच महिन्यात कृष्णेच्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजून गेली. शिलाई उसवलेले, स्वस्त कागदावरचे ढाल्यांच्या पिढीचे हे अंक तर पुस्तकांहून नाजूक. ते जुन्या प्राध्यापकांच्या, कार्यकर्त्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत पडून असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. सातारा आणि सांगलीच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांनी एकत्र येऊन ते गोळा करावेत, प्रत्येक पानाचे स्कॅनिंग करून घ्यावे, मूळ प्रती उंचावरच्या कोरड्या खोलीत ठेवाव्यात. त्यातली एखादी फाइल नांद्र्यातही वाचायला मिळावी. काम सुरू करायला समिती आणि अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या पावसाळ्याआधी पहिली पेटी उघडली गेली पाहिजे.