हातावरचे जांभळे डाग



आपल्या घरातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांचे हात एकदा उजेडात निरखून पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळट, कधी तपकिरी डाग दिसतात. ‘कुठे आपटलं?’ असे विचारले, तर त्यांनाही आठवत नाही. भेटीस आलेल्या एखाद्या नातलगाची नजर मात्र त्या डागांवरून सुनेकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे वळते. कोणी बोलून दाखवत नाही; पण रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्याला ती नजर फार लागते. म्हणून या डागांचे मूळ आज पाहू.

शरीर पेशींचे बनलेले असते, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे, पण अपुरे आहे. पेशींच्या मधल्या जागेतही एक सुरचित जाळे असते. त्याला पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. सांध्यांच्या कूर्चेत तर पेशी अगदी तुरळक. बहुतेक सारे हे आधारद्रव्यच. पेशी म्हणजे स्वतः बांधलेल्या भिंतीतच राहणारे गवंडी समजा. भिंत त्यांना आधार देते आणि केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, याचे संकेतही देते.

या भिंतीचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे 30 टक्के प्रथिन हेच असते. तीन पदर दोरासारखे पिळून त्याचा रेणू घडतो. ही त्रिपदरी रचना 1954 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, आणि त्यासाठी कांगारूच्या शेपटीतील कंडरा अभ्यासली, हे आवर्जून सांगावेसे वाटते. कोलॅजेन ताण सोसते. इलॅस्टिन नावाचे दुसरे प्रथिन ताणलेली त्वचा पूर्ववत करते. इलॅस्टिन बहुतांशी गर्भावस्थेत आणि बालपणी तयार होते आणि तेच आयुष्यभर पुरवावे लागते. या धाग्यांच्या मधल्या पोकळीत पाणी धरून ठेवणारा जेलसारखा गर असतो.

वयाबरोबर त्वचेच्या आतल्या थरातील हे सारेच विरळ होत जाते. उन्हाने ती झीज वाढते. आजींच्या दंडाची आतली, पदराआड राहिलेली बाजू पाहा. तेथील त्वचा मनगटाजवळच्या त्वचेहून कितीतरी धड असते. उघड्या हातावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीची गादीच पातळ झालेली असते. मग खाटेच्या कडेचा हलका धक्काही पुरतो, रक्त झिरपते आणि डाग उमटतो. तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

तरीही प्रत्येक डाग वयाच्या माथी मारू नये. डाग अचानक वाढले, हिरड्यांतून रक्त आले, किंवा रक्त पातळ करणारी अथवा स्टेरॉइडची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. औषध मात्र मनाने बंद करू नये. आणि झाकलेल्या अंगावर किंवा बोटांच्या ठशांसारखे वळ दिसले, तर त्या वृद्ध व्यक्तीला एकांतात, मायेने विचारलेच पाहिजे. शुश्रूषा करणाऱ्यांचा मान राखूनही हे मला लिहावे लागते.

ही भिंत एकदा बांधली की संपले, असे नाही. तिची डागडुजी अखंड चालते. जॉर्ज ॲन्सन या इंग्रज दर्यावर्दीच्या 1740 ते 1744 च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या वृत्तांतात एका खलाशाची नोंद आहे. त्याला स्कर्व्ही झाला आणि पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या, केव्हाच भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या! ‘क’ जीवनसत्त्वावाचून कोलॅजेनचे पदर नीट पिळले जात नाहीत, जुने झिजते आणि नवे बळकट होत नाही. दात नाहीत म्हणून चहा-बिस्किटे आणि मऊ भात यांवरच राहणाऱ्या वृद्धांना हे जीवनसत्त्व आणि प्रथिने दोन्ही कमी पडू शकतात. वरणात लिंबू ताट वाढल्यावर पिळावे. उकळीत ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. बिया काढून कुस्करलेला पेरू किंवा किसलेला आवळा चालतो. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. महागड्या कोलॅजेन पावडरीविषयी पुष्कळ विचारणा होते. ती पोटात गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणेच पचून तिचे तुकडे होतात. माझ्या मते तेच पैसे डाळ, दूध, अंडी यांवर खर्चावेत.

उठवताना मनगट धरून ओढू नका. पाठीखाली आणि काखेमागे तळवा पसरून आधार द्या. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला सरकवताना अंगाखालच्या चादरीसकट, दोघांनी मिळून उचला. स्नानानंतर अंग घासून न पुसता टिपून घ्या आणि ओलसर त्वचेलाच मलम किंवा तेल हलक्या हाताने लावा. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला. आपली नखे कापलेली असावीत. अंगठी, बांगड्या कामापुरत्या काढून ठेवाव्यात. सलाईनची चिकटपट्टी एकदम ओढली, तर वरची त्वचाही तिच्याबरोबर सोलून येते. तिच्या कडेला थोडे तेल सोडा, पाच मिनिटे थांबा, एका हाताने त्वचा दाबून धरा आणि पट्टी त्वचेला समांतर, हळूहळू मागे दुमडत काढा.